गजपट्टी आणि कुंचला

सात हात कापडाला नऊ मोहरा पडत असतील, तर पाच हात कापडाला किती पडतील? जुन्या शाळेत त्रैराशिक शिकलेला कोणीही वाचक हे तोंडी करील. नवाला पाचाने गुणावे, साताने भागावे. उत्तर सहा पूर्णांक तीन सप्तमांश. हा हिशेब साडेपाचशे वर्षांपूर्वी इटलीतल्या एका माणसाने आपल्या अंकगणिताच्या पुस्तकात घातला आहे. फरक इतकाच की त्याच्या हिशेबात मोहरांच्या जागी लिरे होते. व्यापाऱ्यांना रोज लागणारे असे शेकडो हिशेब त्या पुस्तकात आहेत. भागीदारीतला नफा कसा वाटायचा, व्याज कसे काढायचे, लोकरीच्या बदल्यात कापड किती घ्यायचे, पिंपात द्राक्षाचा मद्यार्क किती मावतो.

हा माणूस पेढीवरचा कारकून नव्हता. तो चित्रकार होता, आणि असातसा चित्रकार नव्हता. त्याचे नाव पिएरो देल्ला फ्रान्चेस्का. युरोपच्या प्रबोधनकाळातल्या पहिल्या रांगेतल्या चित्रकारांत आज त्याची गणना होते, आणि गणिताच्या इतिहासकारांनीही त्याला आपल्या दालनात स्वतंत्र खुर्ची दिली आहे. एकाच माणसाला दोन्ही घरांत असा मान मिळणे दुर्मीळ. गणित रुक्ष आणि कला रसाळ, ज्याला एक जमते त्याला दुसरे जमत नाही, असे आपण मुलांना लहानपणापासून बजावत आलो. दहावीच्या निकालाच्या दिवशी घराघरांतून या दोन विषयांची जी फारकत होते, ती पिएरोला समजलीच नसती. त्याच्या लेखी ती एकच विद्या होती, आणि तिचे नाव मोजणे.

तस्कनीच्या पूर्व टोकाला, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात, बोर्गो सान सेपोल्क्रो नावाचे एक छोटे गाव आहे. येशूच्या थडग्यावरून म्हणजे 'पवित्र समाधी'वरून गावाला हे नाव पडले. तिथे 1415 च्या आगेमागे पिएरोचा जन्म झाला. बाप बेनेदेत्तो चामड्याचा व्यापारी. पुढे लोकर आणि कापडाला निळा रंग देणाऱ्या वनस्पतीचाही व्यवहार हे घराणे करू लागले. आई रोमाना शेजारच्या मोन्तेर्की गावची. बाप मुलाच्या जन्माआधीच वारला आणि म्हणून पोर आईच्या नावाने ओळखले गेले, अशी एक हळवी कथा पुढे जॉर्जो वाझारी या चरित्रकाराने रूढ केली. कागदपत्रे सांगतात की बाप चांगला 1464 पर्यंत जिवंत होता. तोवर मुलगा पन्नाशीला आला होता. चरित्रकारांना अनाथ बालके फार आवडतात. असो.

त्या काळी इटलीतल्या व्यापारी गावांत हिशेब शिकवणाऱ्या शाळा असत. त्यांना 'अबाको'च्या शाळा म्हणत. नावावरून मण्यांची पाटी डोळ्यांसमोर येते, पण शिकवले जाई ते कागदावर लेखणीने करायचे गणित, आणि तेही आपल्याकडून अरबांच्या हाती तिकडे गेलेल्या अंकांनी. पिसाच्या लिओनार्दोने, ज्याला जग फिबोनाची म्हणून ओळखते, 1202 मध्ये आपल्या ग्रंथातून हे अंक इटालियन व्यापाऱ्यांना समजावून दिले. त्रैराशिकही याच वाटेने गेले. भास्कराचार्यांच्या 1150 च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती'त ते आहेच, आणि त्यांच्याही आधीच्या आपल्या ग्रंथांत आहे. चाळीसगावजवळ पाटणदेवीला, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने मठ काढल्याचा शिलालेख ज्यांनी पाहिला असेल, त्यांनी हा धागा मनाशी जोडून पाहावा. सान सेपोल्क्रोतला व्यापाऱ्याचा मुलगा ज्या रीतीने कापडाचा भाव काढत होता, ती रीत आपल्या घरची होती.

पिंपाचा हिशेब तर फारच मजेदार. पिंप काही सरळ नळकांडे नव्हे. मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळते. मग त्यात माल किती, हे ठरवायचे कसे? पिएरो टोकाचा व्यास घेतो, मधल्या फुगवट्याचा घेतो, या दोहोंच्या मधल्या जागेचाही घेतो, आणि त्यांच्या वर्गांच्या सरासऱ्या काढत पिंपाला दोन छाटलेल्या शंकूंच्या बरोबरीला आणून बसवतो. फुगीर, वाकड्या वस्तूत सरळ आकार शोधायचा, हे त्याचे मर्म. मायकेल बॅक्संडॉल या कलेतिहासकाराने 1972 मध्ये एका छोट्या पुस्तकात नेमके यावर बोट ठेवले. त्याचे म्हणणे असे, की त्या काळी चित्र रंगवणारा आणि चित्र विकत घेणारा, दोघेही याच शाळांतून बाहेर पडलेले. पिंपे आणि धान्याच्या राशी नजरेने मोजायची दोघांनाही सवय. त्यामुळे चित्रातला तंबू, खांब, विहीर किंवा माणसाचे डोके पाहताना गिऱ्हाइकाचा डोळा आपोआप त्यातले शंकू, नळकांडी आणि गोल वेगळे करी, आणि ते बिनचूक जुळले की त्याला आनंद होई. तीस-बत्तीस वर्षे बँकेत काढल्यामुळे मला हा आनंद परका वाटत नाही. 31 मार्चच्या मध्यरात्री दोन्ही बाजूंच्या बेरजा पैशाला पैसा जुळतात तेव्हा शाखेत जी शांतता पसरते, तिला मी तरी सौंदर्याखेरीज दुसरे नाव देऊ शकत नाही.

1439 मध्ये पिएरो फ्लॉरेन्समध्ये होता. दोमेनिको वेनेझियानो या चित्रकाराच्या हाताखाली तो एका देवळाच्या भिंती रंगवत होता. ती चित्रे आता उरलेली नाहीत. पण त्या शहरात त्या वेळी जे चालले होते ते डोळे उघडणारे होते. फिलिप्पो ब्रुनेलेस्की या वास्तुविशारदाने त्याआधी वीसेक वर्षांपूर्वी एक खेळ करून दाखवला होता. गावातल्या एका इमारतीचे चित्र फळीवर काढून त्याने फळीला भोक पाडले. मागच्या बाजूने भोकाला डोळा लावायचा आणि समोर आरसा धरून चित्राचे प्रतिबिंब पाहायचे. खरी इमारत कुठली आणि चित्र कुठले, हे ओळखू येईना. 1435 मध्ये आल्बेर्तीने चित्रकलेवर ग्रंथ लिहून ही युक्ती शब्दांत मांडली. आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेल्या मुलांना ती ठाऊक असते: रेल्वेचे रूळ दूर जाताना एका बिंदूत मिळतात, तारेचे खांब लहान लहान होत जातात. यालाच यथार्थदर्शन म्हणतात. ड्रॉइंगचे मास्तर त्याला पर्स्पेक्टिव्ह म्हणत. पण खांब लहान होतात हे सांगणे सोपे. किती लहान, हे सांगणारा कोणीतरी हवा होता. खांब दुप्पट अंतरावर गेला तर उंची निम्मी होईल, तिप्पट अंतरावर तिसरा हिस्सा. म्हणजे पुन्हा त्रैराशिकच! कापडाच्या ठिकाणी अंतर आले, एवढेच.

फ्लॉरेन्ससारखे शहर पाहिलेला तरुण तिथेच राहील, असे आपल्याला वाटते. पिएरो गावी परतला. 1442 मध्ये गावच्या सभेवर निवडून जायला पात्र असलेल्यांच्या यादीत त्याचे नाव दिसते. पुढे आयुष्यभर तो रिमिनी, आरेझो, रोम, उर्बिनो असा कामासाठी हिंडला, पण प्रत्येक वेळी घरी येऊन गावाची कामे, जमिनीचे व्यवहार आणि भावांबरोबरचा घरचा कारभार पाहत राहिला.

1445 मध्ये गावातल्या एका धर्मादाय मंडळाने त्याला वेदीमागचे मोठे चित्र सांगितले. करार मासलेवाईक आहे. मोबदला दीडशे फ्लोरिन, काम स्वतःच्या हातचे हवे, मुदत तीन वर्षे, आणि पुढली दहा वर्षे चित्रात काही दोष निघाला तर दुरुस्ती चित्रकाराने करायची. हमीपत्रच ते! या तीन वर्षांच्या कामाला पिएरोने किती वर्षे लावावीत? शेवटचा हप्ता चुकता झाला तो 1462 मध्ये. म्हणजे सतरा वर्षे. 1454 मध्ये ऑगस्टिनियन मठाने मुदत आठ वर्षांची देऊन पाहिली; तिथेही पंधरा लागली. हिशेबात इतका काटेकोर असलेला माणूस तारखांच्या बाबतीत इतका सैल कसा, याचे कोडे पडते. माझा तर्क असा, की जो माणूस प्रत्येक पायाच्या अंगठ्याची जागा रेषा आखून ठरवतो, त्याला लवकर काही करताच येत नाही.

आरेझोच्या सान फ्रान्चेस्को चर्चमधल्या भिंती हे त्याचे सगळ्यात मोठे काम. आधीचा चित्रकार 1452 मध्ये मरण पावला आणि काम पिएरोकडे आले. येशूला ज्या क्रूसावर चढवले त्याच्या लाकडाची, आदमच्या मरणापासून सुरू होणारी लांबलचक दंतकथा त्याने तिथे रंगवली. त्यातल्या एका चित्रात लढाईच्या आदल्या रात्री सम्राट कॉन्स्टंटाइन तंबूत झोपला आहे आणि त्याला स्वप्नात क्रूस दिसतो आहे. रात्रीचा प्रकाश इतक्या नेमकेपणाने रंगवण्याचा हा युरोपातला फार सुरुवातीचा प्रयत्न. वरून देवदूत येतो, त्याच्या हातून उजेड खाली पडतो आणि तंबूच्या उघड्या पडद्यांवर, पहारेकऱ्याच्या पाठीवर, झोपलेल्या माणसाच्या पांघरुणावर उतरतो. तंबू म्हणजे एक गोल नळकांडे आणि त्यावर बसवलेला शंकू. व्यापाऱ्याच्या मुलाने मनात त्याचे कापड किती लागेल हेही काढले असेल. पण पाहणाऱ्याच्या मनात तो आकडा येत नाही. येते ती झोपलेल्या माणसाभोवतीची रात्र.

गणिताची सगळ्यात कठोर परीक्षा त्याने एका लहानशा लाकडी फळीवर दिली. उर्बिनोत असलेले हे चित्र जेमतेम अठ्ठावन्न सेंटिमीटर उंच आणि साडेएक्याऐंशी सेंटिमीटर रुंद आहे. डावीकडे मागे खांबांच्या दालनात येशूला चाबकाचे फटके मारले जात आहेत. उजवीकडे अगदी पुढे तीन माणसे काहीशी अलिप्त उभी आहेत. ती कोण, यावर विद्वानांचे वाद अजून मिटलेले नाहीत, आणि त्या वादात आपण पडू नये. पाहायची ती खालची फरशी. दूर जाणाऱ्या त्या फरशीवरची नक्षी इतकी तिरपी, इतकी दबलेली दिसते, की साध्या डोळ्याला तिचा पत्ता लागत नाही. 1953 मध्ये विटकोव्हर आणि कार्टर या दोन अभ्यासकांनी चित्रातल्या रेषा उलट्या दिशेने मोजत नेल्या आणि त्या दालनाचा जमिनीवरचा आराखडा काढला, एखाद्या घराचा नकाशा काढावा तसा. तेव्हा दिसले की फरशीवर एक पुरी, गुंतागुंतीची भौमितिक नक्षी आहे, आणि येशू उभा आहे तो एका वर्तुळात. चित्रात कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणीही पिएरोने हिशेब सोडलेला नव्हता. फटके बसत असताना येशू शांत उभा आहे. मारणाऱ्याचा हात हवेतच थांबला आहे. हे चित्र 1975 मध्ये चोरीला गेले आणि पुढच्या वर्षी स्वित्झर्लंडमध्ये सापडले, हेही जाता जाता सांगायला हवे.

आपण हे कसे करतो, हे पिएरोने उतारवयात लिहून ठेवले. चित्रकलेच्या यथार्थदर्शनावरचा त्याचा ग्रंथ चित्रकारांच्या बोलीत आहे. युक्ती सांगून तो थांबत नाही. युक्लिडच्या पद्धतीने एकेक प्रमेय सिद्ध करत जातो. आधी सपाट फरश्या, मग घन, मग इमारती, आणि शेवटी सगळ्यांत अवघड अशा वस्तू: खांबाचा नक्षीदार माथा, डोक्याला बांधायचे पैलूदार कडे आणि माणसाचे डोके. डोळ्याच्या जागी सुई रोवा, तिला बारीक रेशमी दोरा किंवा घोड्याच्या शेपटीचा केस बांधा, आणि तो ताणून एकेका बिंदूवर नेत पट्टीवर खुणा करा. डोक्याचे आडवे काप कल्पायचे, प्रत्येक कापाच्या कडेवर ठरावीक ठिपके घ्यायचे, आणि असे शंभरावर ठिपके एकामागून एक कागदावर उतरवून शेवटी जोडायचे. आपल्याकडच्या ठिपक्यांच्या रांगोळीची आठवण यावी, असा हा प्रकार. वाकलेल्या, मागे कललेल्या, डोळे वर लावलेल्या डोक्याचे असे एक चित्र त्या ग्रंथात आहे. आज संगणकावर माणसाचा चेहरा उभा करताना बिंदूंचे जाळे विणतात. पिएरो ते काम केसाने आणि संयमाने करत होता.

आता प्रश्न असा की इतक्या मोजमापाने चित्रातला जीव जात नाही का? पिएरो थंड आहे, असे म्हणणारे जाणकार अनेक झाले. त्याची माणसे रडत नाहीत, छाती पिटत नाहीत, ओठ विलग करून हसतसुद्धा नाहीत. मला त्या थंडपणात विलंबित ख्यालाचा गारवा वाटतो. आईच्या मोन्तेर्की गावात त्याने मेरीचे एक चित्र काढले. ती गरोदर आहे. दोन देवदूत तंबूचा पडदा दोन्ही बाजूंना सारून धरतात. दोघांच्या आकृती एकाच खर्ड्यावरून उलटसुलट उतरवलेल्या, एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा. मधोमध ती उभी, एक हात कमरेवर, दुसरा पोटावरच्या वस्त्राच्या उसवलेल्या चिरेवर. दिवस भरत आलेली बाई जशी कमरेला हात लावून उभी राहते तशी. देवाच्या आईचे असे चित्र काढणारे फार नव्हते. त्या परिसरातल्या गरोदर स्त्रिया सुखरूप सुटकेसाठी पिढ्यानपिढ्या या चित्रापुढे प्रार्थना करत आल्या. पडद्याच्या घडीचा हिशेब त्यांनी कधी विचारला नसेल. पण तो हिशेब नसता तर त्या बाईभोवती ती स्तब्धता आली असती का, हा माझा प्रश्न आहे.

स्वतःच्या गावासाठी त्याने सभागृहाच्या भिंतीवर थडग्यातून उठणारा येशू रंगवला. गावाचे नावच पवित्र समाधी. तेव्हा हे चित्र म्हणजे गावाची राजमुद्रा. खाली चार शिपाई गाढ झोपले आहेत. त्यांतला एक चेहरा पिएरोचा स्वतःचा, अशी समजूत आहे. वर येशू एक पाय थडग्याच्या काठावर ठेवून उभा आणि नजर सरळ आपल्यावर. त्याच्या एका बाजूला निष्पर्ण झाडे, दुसऱ्या बाजूला पालवलेली. इथे पिएरोने एक खुबी केली आहे. शिपाई खालून पाहिल्यासारखे दिसतात, पण येशूचा चेहरा समोरासमोर. म्हणजे दोन नजरा एकाच चित्रात. यथार्थदर्शनाचे नियम स्वतः लिहिणाऱ्याने ते कुठे वाकवायचे, हेही ठरवलेले होते.

उर्बिनोचा सरदार फेदेरिको दा मोन्तेफेल्त्रो हा त्याचा मोठा आश्रयदाता. भाडोत्री फौजांचा सेनापती, आणि ग्रंथांचा वेडा. द्वंद्वाच्या खेळात त्याचा उजवा डोळा गेला होता, म्हणून चित्रात तो नेहमी डाव्या बाजूने दिसतो. पिएरोने त्याची मोडकी नाक-रेषा, गालावरचे चामखीळ, काही लपवले नाही. फेदेरिको वेदीपुढे चिलखतात गुडघे टेकून बसला आहे, असे त्याचे एक मोठे चित्र आता मिलानला आहे. त्यात मेरीच्या डोक्यावर, शिंपल्याच्या आकाराच्या कमानीतून एक अंडे बारीक साखळीने लोंबते आहे. त्याच्या अर्थावर पानेच्या पाने लिहिली गेली. मला त्या अंड्याकडे पाहताना वाटते, की आयुष्यभर गोल आणि शंकू मोजणाऱ्या माणसाने न मोजता येणारा एक आकार शेवटी मधोमध टांगून ठेवला.

वय वाढले तशी चित्रे कमी झाली आणि गणित वाढले. पाच सुसम घनाकृतींवर, म्हणजे चतुष्फलक, घन, अष्टफलक, द्वादशफलक आणि विंशतिफलक यांच्यावर त्याने स्वतंत्र पुस्तक लिहिले. या आकृतींचे कोपरे कापून होणाऱ्या, आर्किमिडीजच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेरापैकी सहा आकृत्या त्याच्या पुस्तकांत पुन्हा उजेडात आल्या. दोन सारखे नळ एकमेकांना काटकोनात छेदून गेले, तर त्यांच्या सामाईक भागाचे घनफळ किती, हेही त्याने दिले आहे. उत्तर असे: नळाच्या व्यासाइतकी बाजू असलेला घन घ्या, त्याचे बरोबर दोन तृतीयांश. सगळे गोलच गोल असताना उत्तरात 'पाय'चा मागमूस नाही! आर्किमिडीजला हे ठाऊक होते; पण त्याचा तो ग्रंथ 1906 मध्ये इस्तंबूलच्या एका जुन्या पोथीत सापडेपर्यंत कोणी पाहिलाच नव्हता. देवळांच्या कमानदार छतांखाली उभ्या राहणाऱ्या या चित्रकाराने तो आकडा आपल्या वाटेने गाठला.

हे पुस्तक त्याने फेदेरिकोच्या मुलाला, गुइदोबाल्दोला अर्पण केले. फेदेरिको 1482 मध्ये वारला होता. अर्पणपत्रिकेत म्हातारा विनंती करतो, की उर्बिनोच्या ग्रंथालयात माझे यथार्थदर्शनाचे पुस्तक आहे, त्याच्या शेजारी याला कोपऱ्यात जागा द्यावी. एवढेच मागणे.

शेवटी त्याची दृष्टी गेली. वाझारी म्हणतो, साठीतच गेली. ते तितकेसे खरे नाही, कारण त्यानंतरही त्याने हाताने लिहिलेले आहे आणि 1487 मध्ये मृत्युपत्र करताना तो धडधाकट होता. पण अखेरच्या काळातली एक नोंद मात्र वाचल्यावर विसरता येत नाही. मार्को दि लोंगारो नावाचा एक कंदील करणारा कारागीर म्हातारपणी सांगे, की लहान असताना आंधळ्या मास्तर पिएरोचा हात धरून मी त्याला गावातून फिरवत असे. पुढे तो पोरगा कंदील करू लागला. एखाद्या कादंबरीकाराने हा योग जुळवला असता तर संपादकाने तो छापला नसता.

12 ऑक्टोबर 1492 रोजी पिएरो वारला. त्याच दिवशी कोलंबसच्या जहाजांवरून जमीन दिसली.

आता त्याच्याच गावच्या दुसऱ्या माणसाची गोष्ट. लुका पाचोली हा फ्रान्सिस्कन साधू, पिएरोहून तिसेक वर्षांनी धाकटा. हिशेबनीसांच्या जगात हे नाव आदराने घेतात. 1494 मध्ये व्हेनिसला त्याचा अंकगणिताचा जाडजूड ग्रंथ छापला गेला आणि त्यात द्विनोंदी पद्धत, म्हणजे आपली जमा-नावे, पहिल्यांदा छापील अक्षरांत नीट समजावून दिली. पद्धत त्याने शोधलेली नव्हती, व्हेनिसच्या पेढ्यांवर ती आधीपासून होती. पण जगाला शिकवली त्याने. प्रत्येक नावे नोंदीला जमा नोंद हवी, हा धडा आम्ही बँकेतले लोक जिथून घेतला ते हे मूळ ठिकाण. या ग्रंथात त्याने पिएरोची चित्रकार म्हणून तोंडभर स्तुती केली आहे, आणि पिएरोच्या अंकगणितातले हिशेब थोक भावाने घेतलेही आहेत. 1509 मध्ये पाचोलीचे दुसरे पुस्तक निघाले. त्यातल्या घनाकृतींची चित्रे साक्षात लिओनार्दो दा विंचीने काढलेली. त्या पुस्तकाचा तिसरा भाग म्हणजे पिएरोच्या घनाकृतींच्या पुस्तकाचे इटालियन भाषांतर. पिएरोचे नाव त्यावर नाही.

वाझारीने 1550 मध्ये त्याला सरळ चोर ठरवले. त्यानंतर पाचोलीची बाजू घेणारेही झाले. त्या काळी हिशेबाची पुस्तके एकमेकांतून उतरवूनच होत. लेखकाच्या हक्काची आजची कल्पना नव्हती. आणि त्याने छापले नसते तर पिएरोचे गणित युरोपभर गेलेच नसते. हे सगळे मला मान्य आहे. पण ज्याने जगाला दुहेरी नोंद शिकवली, त्याच्या खतावणीत आपल्या गावच्या आंधळ्या म्हाताऱ्याच्या नावाची जमा राहून गेली, याला मी अपघात म्हणायला तयार नाही. पंधरा वर्षांपूर्वी ज्याने स्तुती लिहिली, त्याला नाव माहीत नव्हते असे थोडेच आहे?

पिएरोचे चित्रकार म्हणूनही तेच झाले. रोमला पोपच्या महालात त्याने 1459 मध्ये काम केले, ते नष्ट झाले. फेर्रारातले गेले. उरलेली चित्रे आडवाटेच्या गावांत, भिंतींना चिकटलेली. ती काही बाजारात हिंडणार नव्हती. राफाएल आणि मायकेलअँजेलोच्या झगमगाटात तीनशे वर्षे त्याला फारसे कोणी विचारले नाही. 1861 मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीने त्याचे येशूच्या बाप्तिस्म्याचे चित्र विकत घेतले आणि हळूहळू वारे फिरले. 1925 मध्ये इंग्रज कादंबरीकार आल्डस हक्सली सान सेपोल्क्रोच्या वाटेवरल्या खडतर प्रवासाबद्दल लिहिताना, सभागृहातले ते उठणाऱ्या येशूचे चित्र जगातले सर्वोत्तम असल्याचे सांगून मोकळा झाला.

त्या निबंधाचा एक वाचक टोनी क्लार्क. 1944 मध्ये तो ब्रिटिश तोफखान्याचा अधिकारी म्हणून सान सेपोल्क्रोसमोरच्या टेकडीवर उभा होता. गावात जर्मन असल्याची खबर, आणि तोफा डागण्याचा हुकूम. मारा सुरू झाला आणि त्याच्या डोक्यात गावाचे नाव घोळू लागले: हे आपण कुठे वाचले? मग हक्सलीचा निबंध आठवला. चित्र त्याने कधी पाहिलेले नव्हते. त्याने तोफा थांबवल्या. जर्मन फौजा तिथून आधीच निघून गेल्या होत्या. गावाने पुढे एका रस्त्याला त्याचे नाव दिले.

पिएरोचे अंकगणित, ज्यातून सात हात कापडाचा हिशेब वर घेतला, ते छापून निघायला 1970 साल उजाडले. आणि अगदी अलीकडे, 2005 च्या सुमारास, त्याच्या खात्यात आणखी एक नोंद झाली. फ्लॉरेन्सच्या रिकार्दियाना ग्रंथालयात आर्किमिडीजच्या लॅटिन भाषांतराची एक जुनी हस्तलिखित प्रत शतकानुशतके पडून होती. कोणी उतरवली, हे माहीत नव्हते. पिएरोची कागदपत्रे आयुष्यभर धुंडाळणाऱ्या जेम्स बँकर या अमेरिकन इतिहासकाराने ते अक्षर पिएरोच्या अक्षराशी ताडून पाहिले. आम्ही काउंटरवर चेकवरची सही नमुन्याच्या सहीशी जुळवतो तसे: वळण, वेलांट्या, अंकांचे पाय. ते जुळले. पानापानांवर गोल, शंकू, नळकांडी यांच्या दोनशेच्या आसपास आकृत्या आहेत, आणि त्याही त्यानेच काढलेल्या.